मुठीवरचा चरा

पराग सरांच्या गालावर लावलेला फेस दोन मिनिटांत बसला. बसला म्हणजे पाणी झाला आणि हनुवटीवरून त्यांच्या पांढऱ्या कॉलरकडे निघाला. मी पटकन टॉवेल लावला आणि पुन्हा ब्रश फिरवला. पुन्हा तेच. वर मोठे मोठे बुडबुडे, खाली नुसतं पाणी.

"काका, हे असंच असतं का?" सरांनी आरशातून विचारलं.

"नाही हो. साबण नवीन आहे."

साबण नवीन नव्हता. दुकान काढल्यापासून तोच साबण वापरतोय. पण तोंडाला आलं ते बोललो.

मग वस्तरा लावला. कानशिलापासून पहिला हात खाली आणला आणि माझ्या बोटांनाच कळलं. वस्तरा कापत नव्हता, ओढत होता. सर खुर्चीत जरासे वर सरकले. दाढी करताना दुखलं की माणूस बोलत नाही, खुर्चीत वर सरकतो. कुठल्याही न्हाव्याला विचारा. डाव्या गालावर दोन ठिकाणी रक्ताचे बारीक ठिपके आले. मी तुरटी फिरवली, उरलेली दाढी ब्लेड लावून उरकली आणि मान खाली घालून ब्रश धूत बसलो.

मी एकनाथ. नाशकात पंचवटीत माझं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. दुसरी खुर्ची हल्ली पेपर ठेवायला होते. पराग सर विंचूरकडच्या एका रिसॉर्टचे मॅनेजर. द्राक्षाचे मळे बघायला, वाइन प्यायला लोक येतात, दोन दिवस राहतात. त्यांच्यासाठी सरांना 'जुन्या पद्धतीची दाढी' सुरू करायची होती. शनिवार-रविवार. गरम टॉवेल, ब्रशचा फेस आणि अख्खा वस्तरा. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने माझं नाव सांगितलं होतं, म्हणून त्या शनिवारी मी रिसॉर्टवर नमुन्याची दाढी करायला गेलो होतो.

अख्खा वस्तरा म्हणजे काय, ते सांगतो. आज तुम्ही सलूनमध्ये जो बघता, त्याच्यात अर्धं ब्लेड मोडून घालतात आणि गिऱ्हाईक उठलं की फेकतात. चांगली पद्धत आहे, रोगराई पसरत नाही, मीही दुकानात तेच करतो. पण जुना वस्तरा म्हणजे एकच अखंड पोलादी पातं, मुठीत घडी होऊन बसणारं. त्याला धार विकत मिळत नाही. ती आपली आपण लावायची आणि आपली आपण टिकवायची. मोजून पाच-सहा म्हातारी गिऱ्हाइकं माझ्याकडे अजून त्याचा हट्ट धरायची. त्यांच्यासाठी मी तो ठेवला होता.

"काका, ठीक आहे, होतं असं," सर गालाला कापूस लावून म्हणाले. भला माणूस. "पण पुढच्या शनिवारी ओनर येतायत. त्यांची दाढी तुम्ही करायची. त्यांना एक्स्पीरियन्स आवडला तर फायनल. नाहीतर मग आपण मसाजवरच राहू."

"आणि हायजीन?" मी निघताना त्यांनी विचारलं.

"स्टरिलायझर तुम्ही आणा. वस्तरा मी आणतो."

बोलून तर बसलो. पण वस्तरा आणून काय करणार होतो? त्याला धारच राहिली नव्हती.

हे काम मला का पाहिजे होतं, तेही सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की म्हाताऱ्याला हाव सुटली. माझी बायको कमल आठ महिने झाले चिंचवडला होती. आमची मनीषा तिथे असते. तिला मुलगा झाला म्हणून कमल तीन महिन्यांसाठी गेली. तीनाचे पाच झाले, पाचाचे आठ. मग मनीषाचं सुरू झालं, "बाबा, दुकान बंद करा आणि इकडेच या. दोन खुर्च्यांत आता कोण येतं?" ते काही खोटं नव्हतं. आमच्याच गल्लीत दोन एसी सलून झालीत, तिथे पोरं डोक्यावर नक्षी काढून घेतात. पण मी चिंचवडच्या सातव्या मजल्यावर काय करू? तिथल्या लिफ्टमध्ये लोक एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत.

कमलनेच मग तोड काढली. "काम असलं तर मी येते तिकडं. काम नसलं तर तुम्ही या इकडं. दोन ठिकाणी दोघं कशाला कुढायचं?"

तिचं बोलणं असं असतं. विंचूरचं माहेर, शाळा सातवीपर्यंत, पण बोलली की विषय संपला. तेव्हा मला काम पाहिजे होतं. काम लागलं की कमल घरी येणार होती. मला करमत नव्हतं हो. आठ महिने रोज एकट्याचा चहा करतोय, तरी दर वेळी तो एक कप जास्तच होतो.

त्या दिवशी विंचूरहून बसने परत येताना डोक्यात फेसच घोळत होता. वस्तऱ्याचं एक वेळ समजू शकतो, पण फेस? फेसात माझा हात धरणारा नाशकात कुणी नव्हता. घरी आलो, तोच ब्रश, तोच साबण घेतला आणि मोरीत उभा राहून फेस केला. दह्यासारखा घट्ट आला. ब्रश उलटा धरला तरी थेंब पडेना. तेव्हा डोक्यात उजेड पडला. रिसॉर्टच्या बेसिनच्या नळावर मी पांढरा थर बघितला होता. बोअरचं पाणी! जड पाण्यात डाळ शिजत नाही, तिथे साबण काय फेसाळणार? आमच्या घरी धरणाचं पाणी येतं, ते मऊ. इतकी वर्षं मी माझ्या हाताचं कौतुक करत होतो. निम्मं कौतुक महापालिकेच्या नळाचं निघालं.

फेसाचं गणित साधं आहे. ब्रश आधी कोमट पाण्यात भिजवून ठेवायचा, मग झटकायचा. ओला पाहिजे, गळका नको. साबणावर गोल गोल फिरवायचा, आणि पाणी घालायचं ते थेंबाथेंबाने. लोक घाई करतात आणि ब्रश पाण्यात बुचकळतात, मग नुसते बुडबुडे येतात. बुडबुडा म्हणजे हवा, आणि हवा केस भिजवत नाही. फेस सायीसारखा दिसला पाहिजे, तो गालावर जरा वेळ राहिला पाहिजे, तेव्हा कुठे दाढी मऊ पडते. एवढं केलं तर निम्मी दाढी वस्तरा लावायच्या आधीच झालेली असते.

तर फेसाचं निभावलं. पाण्याचा कॅन घरून न्यायचा. पण उरलेल्या निम्म्या दाढीचं काय?

हा वस्तरा मला लग्नात मिळाला. माझे सासरे, आबा, तेही न्हावीच. विंचूरला कांद्याचा बाजार भरला की हे बाजूला लिंबाखाली बसायचे. शेतकरी लिलावाला नंबर लागेपर्यंत दाढी करून घ्यायचे. ट्रॅक्टरचा आवाज, कांद्याची टरफलं उडतायत, आणि हे आपले शांतपणे वस्तरा चालवतायत. पंचक्रोशीत त्यांच्या धारेचं नाव होतं. त्यांनी लग्नात अंगठी दिली नाही. काळ्या शिंगाच्या मुठीचा वस्तरा दिला आणि म्हणाले, "जावईबापू, जपा." मुठीवर खिळ्याजवळ एक बारीकसा चरा होता. गंमत म्हणजे तो कधी दिसायचा, कधी नाही. मला वाटायचं उजेडाचा फरक असेल. पुढे चष्मा लागला तेव्हा वाटलं, नंबर वाढला.

त्या वस्तऱ्यावर मी फार मिरवलो. खुर्चीला चामड्याचा पट्टा टांगलेला असायचा. गिऱ्हाईक बसलं की मी त्याच्यावर वस्तरा फटाफट मारायचो, वर-खाली, वर-खाली, असा आवाज निघायचा की रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. वर तोंडाने चालूच. "पस्तीस वर्षं एकच वस्तरा! धार लावायला लागत नाही. हातात असतं ते."

संध्याकाळी घरी गेलो की वस्तरा कमलकडे द्यायचा आणि म्हणायचं, "पुसून ठेव गं." ती पुसायची, खोबरेल तेलाचं बोट फिरवायची, कपाटात ठेवायची. सकाळी माझ्या धोकटीत हजर. धोकटी म्हणजे आमची हत्यारांची पिशवी.

कमल चिंचवडला गेली आणि महिन्याभरात धार गेली. आधी मी पट्ट्याला दोष दिला, नवा पट्टा आणला. मग वयाला दोष दिला. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना म्हणालो, "हल्ली ब्लेडच बरं असतं, डॉक्टरपण तेच सांगतात." कुठला डॉक्टर आणि कसलं काय! तुम्ही म्हणाल, धार आणि बायको एकाच महिन्यात गेली तर तुम्हाला संशय कसा आला नाही? नाही आला. आपण इतके हुशार, कसा येईल?

रिसॉर्टवर फजिती झाल्यावर रविवारचा अख्खा दिवस दुकान अर्धं उघडं ठेवून मी धारेच्या दगडावर वस्तरा घासत बसलो. जितका घासावा तितका तो बोथट व्हायला लागला. संध्याकाळी शेवटी कमलला फोन लावला.

"जेवलात?" तिचा पहिला प्रश्न हाच असतो.

"अगं, सहा वाजलेत. एक विचारायचं होतं. तू वस्तरा पुसून ठेवायचीस ना?"

"हं."

"नुसता पुसायचीस ना?"

मागे नातू 'ऊं ऊं' करत होता.

"का हो?" ती म्हणाली.

"धार टिकत नाही. एकसुद्धा दाढी धड होत नाही. काल त्या मॅनेजरच्या गालातून रक्त काढलं मी."

मग ती हसली. पदर तोंडाला लावून हसते तशी. मला फोनवरूनही तो पदर कळला.

"पट्टा ढिला धरता तुम्ही," ती म्हणाली. "आणि फटाफट मारता, गिऱ्हाइकाला दाखवायला. ढिल्या पट्ट्यावर धार गोल होते. सांगून बघितलं होतं मी तुम्हाला, लग्न झाल्यावर. तुम्ही म्हणालात, तू भाकरी बघ."

"मग पस्तीस वर्षं कसं चाललं?"

"तुम्ही दिवसभर बिघडवायचे, मी रात्री भांडी झाली की सरळ करायची. आबांनी शिकवलं होतं मला. त्यांचे वस्तरे मीच करायची ना, लग्नाच्या आधी."

मी खुर्चीत बसलो. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. आरशात एक बावळट माणूस दिसत होता. राग आला का? आला. कुणाचा, ते काही लवकर ठरेना.

"सांग आता," मी म्हटलं. "कसं करायचं सांग."

फोन स्पीकरवर टाकून मी तेलाच्या बाटलीला टेकवला. ती सांगत गेली. दगड ओला करा. वस्तरा आडवा झोपवा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकली पाहिजे, एकही उचलायची नाही. दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचं. पट्ट्यावर त्याच्या उलट, पाठ पुढे आणि धार मागून. पट्टा एका हाताने ताणून धरायचा, पोट सुटता कामा नये. आणि जोर लावायचा नाही, वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं.

"मी लावतच नाहीये जोर."

"लावताय. आवाज येतोय मला."

"फोनवर?"

"दगड करकर करतोय, ऐकू येतंय की. पेपरचं पान उलटतो ना आपण, तेवढाच आवाज पाहिजे. लय दाबता तुम्ही. सगळंच लय दाबता."

दोनशे किलोमीटरवरून बाई माझ्या हाताचा जोर ओळखत होती. मी हात हलका केला. आवाज बारीक झाला. तिकडून "हं, आता" एवढंच आलं. तासाभराने अंगठ्याचं नख ओलं करून त्याच्यावर धार टेकवून बघितली. आमची जुनी परीक्षा आहे ही. बोथट वस्तरा नखावरून घसरतो, धारेवरचा अडतो. अडला! मी स्वतःचीच दाढी करायला घेतली. उजवा गाल लोण्यासारखा झाला. डावीकडे येईपर्यंत पुन्हा ओढायला लागला.

पुन्हा फोन लावला.

"एका वस्तऱ्यावर कसं भागेल?" कमल म्हणाली.

"म्हणजे?"

"उद्या सोमवार ना? दुकान बंद. या इकडं. आल्यावर सांगते. वस्तरा घेऊन या."

सकाळी सहाची बस धरली. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव. चिंचवडला जायचं तर पुण्यात शिरायच्या आधीच उतरावं लागतं, त्या जागेचं नाव नाशिक फाटा. आपल्या गावापासून इतक्या लांब आलं की मगच आपल्या गावाचा फाटा लागतो. कंडक्टर ओरडला तेव्हा मला उगाचच वाटलं, परतच आलो की काय.

मनीषा आणि जावई ऑफिसला गेले होते. नातू झोपला होता. कमलने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डावा गाल राहिलाय."

चहा झाला. बरोबर दोन कप. मग ती आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवलं. उघडलं तर माझा वस्तरा. काळ्या शिंगाची मूठ, तेच पातं, तीच कमान.

"हा कसा इथे? मी तर…" म्हणत मी धोकटी उघडली. माझा वस्तरा धोकटीत होता. दोन्ही शेजारी ठेवले. जुळे भाऊ. फक्त माझ्या वस्तऱ्याच्या मुठीवर खिळ्याजवळ चरा होता. तिच्या वस्तऱ्यावर नव्हता.

चष्म्याचा नंबर वाढलाच नव्हता. आणि मग लक्षात आलं, गेले आठ महिने मला तो चरा रोज दिसत होता. एक दिवस चुकला नव्हता.

"आबांनी दोन दिले होते," कमल म्हणाली. "एक तुम्हाला, एक मला. धार लावून लगेच वापरला की ती दमते. आठवडाभर पडून राहू द्यायचा. तवर दुसरा चालवायचा. मी सोमवारी बदलायची."

"मला का नाही सांगितलंस?"

"आबा म्हणाले होते, जावयाला सांगू नको. माणसाला आपला हात भारी वाटला पाहिजे, तवाच तो दुसऱ्याच्या गळ्याला वस्तरा लावू शकतो." रिकामे कप उचलत ती म्हणाली, "आणि तुम्ही गिऱ्हाइकांना एकच वस्तरा, एकच वस्तरा सांगायचा. मी मधे कशाला बोलू?"

पस्तीस वर्षं मी चारचौघांत बढाया मारल्या आणि ती घरात बसून त्या खऱ्या करत राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग हा इकडे कशाला आणलास?"

"गडबडीत पिशवीत राहिला."

मी नख ओलं करून तिचा वस्तरा टेकवला. टेकवल्याबरोबर अडला. आता हे ऐका. आठ महिने पडून असलेल्या वस्तऱ्याला अशी धार नसते. चिंचवडची हवा लागून तो कधीच बोथट झाला असता. ही धार फार तर तासा-दोन तासांपूर्वीची होती.

"कमल, हा तर आजचा आहे."

ती पाळण्याकडे बघायला लागली. "सोमवारी काढते. फिरवते पट्ट्यावर. ठेवून देते."

"पट्टा कुठला आणलास?"

"जावयाच्या ऑफिसच्या पँटचा. खिडकीच्या गजाला अडकवते. सांगू नका त्याला."

"पण कशाला? इथे कुणाची दाढी करायचीय?"

"कुणाची नाय," ती म्हणाली. "सोमवार असतो ना."

माझ्या ओठांवर आलं होतं, चल घरी. आत्ताच्या आत्ता चल, ही पिशवी उचल. पण पाळण्यातलं पोर हललं आणि ती उठली. मी आपला सांगत बसलो की रिसॉर्टचं पाणी जड आहे, मी घरून कॅन नेणार आहे. ती म्हणाली, "बरं."

शनिवारी मी दहा लिटर नळाचं पाणी आणि कमलच्या हातचा वस्तरा घेऊन रिसॉर्टवर गेलो. ओनर साठीचे, गालाला खळ्या, मानेवर केसांचे भोवरे. असे गाल अवघड असतात, खळीत केस आडवे उगवतात. गरम टॉवेल दिला. फेस केला, तो बसला नाही. मग गालाची कातडी वर ताणून धरली, वस्तरा जवळजवळ झोपवला आणि पहिला हात ओढला. आवाज म्हणाल तर पेपरचं पान उलटावं तेवढाच. पट्टा मी ताणून धरला होता, फटाफट केलं नाही. पराग सरांनी मोबाइलवर शूटिंग घ्यायला सुरुवात केली आणि म्हणाले, "काका, थोडा साउंड?" मी म्हटलं, "साउंड पाहिजे तर वेगळा रेकॉर्ड करा."

गळ्याशी आलो तोवर ओनर घोरत होते. न्हाव्याला याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. उठल्यावर त्यांनी गालावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"अशी दाढी माझ्या वडिलांच्या वेळी व्हायची," ते म्हणाले. "काय धार आहे हो तुमची!"

"धार माझी नाही साहेब," मी म्हटलं. "बायकोची आहे. फेस माझा."

त्यांना तो विनोद वाटला. खूप हसले. काम पक्कं झालं.

पार्किंगमधूनच कमलला फोन लावला. "लागलं काम! शनिवार-रविवार, कायमचं."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. आवाजात आनंद होता, खोटं कशाला बोलू.

"मग कधी येतेस?"

"अहो, मनीषाची रजा संपलीय. पाळणाघरवाले म्हणतात, पोरगं चालायला लागल्याशिवाय घेत नाय. त्याला टाकून कशी येऊ?"

"काम लागलं तर येते म्हणाली होतीस."

"म्हणाले होते," ती म्हणाली. आणि रडली. दोन दिवस मी सगळ्या जगावर चिडून होतो, त्या आठ महिन्यांच्या पोरावरसुद्धा.

पण रविवारी संध्याकाळी वस्तरा दमला होता. सोमवारी दुकान बंद. दुसरा वस्तरा चिंचवडला. मग काय करणार? सकाळी सहाची बस.

तेव्हापासून असंच चाललंय. दमलेला वस्तरा घेऊन सोमवारी जायचं, तयार झालेला घेऊन संध्याकाळी यायचं. एका सोमवारी चरा असलेला तिच्याकडे, एका सोमवारी माझ्याकडे. ती खिडकीच्या गजाला पट्टा अडकवते, मी पोराला मांडीवर घेऊन बघत बसतो. पस्तीस वर्षांत मी एकदाही तिला धार लावताना बघितलं नव्हतं. मान जरा तिरकी करते आणि ओठ मिटून घेते. वस्तऱ्याशी काही गुप्त बोलल्यासारखं.

बघून बघून मला आता ते येतं. खरंच येतं. मधे एकदा जावयाचे पाहुणे आले म्हणून सोमवार चुकला, तर मी घरीच दगड ओला केला, हात हलका ठेवला आणि केलं. त्या शनिवार-रविवारी सहा जणांच्या दाढ्या झाल्या आणि एकही माणूस खुर्चीत वर सरकला नाही. दगड घरी आहे, हात शिकलाय. रीतसर बघितलं तर मला चिंचवडला जायची गरज उरलेली नाही.

हे मी कमलला सांगितलेलं नाही.

गेल्या सोमवारी मात्र घोटाळा केला. पहाटे लवकर जाग आली, बसला वेळ होता, हाताला चाळा म्हणून वस्तरा दगडावर घेतला, पट्ट्यावर फिरवला, छान धारेवर आणला आणि तसाच धोकटीत टाकला. चिंचवडला पोचेपर्यंत विसरूनही गेलो. चहा झाल्यावर तिच्या हातात दिला.

तिने अंगठ्याचं नख ओलं केलं. धार टेकवली. टेकवल्याबरोबर अडली. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघायला लागलो.

"लय बोथट केलात हो ह्या वेळी," ती म्हणाली आणि पट्टा काढायला उठली. "ह्याला वेळ लागणार. मुक्कामच करा आज. उद्या दुकान नाय उघडलं तर चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

धंद्यात नवीन आलेले कधी कधी विचारतात, काका, धार टिकवायची कशी? पाणी मऊ घ्या, पट्टा ताणून धरा, जोर लावू नका, हे सगळं मी सांगतोच. पण मुख्य म्हणजे वस्तरे दोन ठेवा. एकावर भागत नाही.